टेरेझाची बाज

आई टेरेझाच्या सातव्या दिवसाचा मिस्सा आटोपून मार्सेलिन चर्चमधून घरी आली तेव्हा डॉमनिककाका आधीच अंगणात येऊन बसला होता. मेलेल्या माणसाचं अंथरूण सातव्या दिवशी किनाऱ्यावर नेऊन पेटवायचं, ही तारोडीतल्या त्यांच्या घराण्याची रीत. आईच्या गोधड्या, उशी, घडीची चादर, सगळं मार्सेलिनने गाठोड्यात बांधून ठेवलं होतं. अडलं होतं ते बाजेपाशी. त्या बाजेला सुंभ नव्हता. चौकटीवर काकाच्या होडीचं जुनं, टाकाऊ जाळं ताणून बांधलेलं होतं, आणि काकाला तेही पेटवायचं होतं. होडी उद्या दर्यात जायची होती.

महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन भाईंदरच्या बाजाराला जाताना टेरेझा मिठागराच्या बांधावरून घसरली आणि कंबर कायमची दुखावून बसली. डॉक्टरने फळीवर निजायला सांगितलं. फळीवर ती पदराचा बोळा तोंडात धरून पडून राही. सावरीच्या गादीत कंबर खोल रुते आणि सकाळी तिला दोघींनी धरून उठवावं लागे. पेंढ्यावर चार दिवस बरे जात, मग तोही दबून फळीसारखाच होई.

एकदा वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करताना ती किनाऱ्यावरच्या जाळ्यांच्या ढिगाला टेकली आणि तिथेच गाढ झोपली. मासळी धरायच्या जाळ्याला बाईने पाय लावायचा नाही, हे पोरंटोरंही जाणत. काकाने आरडाओरडा करून तिला उठवलं. उठली ती थेट जुनं जाळं मागायलाच. बाई जाळ्यात निजली तर त्यात मासळी शिरायची नाही, असं तो म्हणाला.

"या जाळ्याचं सूत कोणी कातलं, डॉमनिक? मीच ना? तवा बाईचा हात चालला. आता बाईची पाठ चालत न्हाय?"

जाळं तिने नेलंच. त्या हंगामात मासळी कमी आली. शेजारच्या गावांतही कमीच आली होती आणि तिथे कुणी बाई जाळ्यात निजत नव्हती, पण तारोडीतलं प्रत्येक बोट टेरेझाच्या बाजेकडे वळलं. फादरांच्याही कानावर गेलं. टेरेझा दारात बसून हसली. म्हणाली, आता मी दर्याहून मोठी झाली, मला मान देत जा.

बाज सांभाळणं मार्सेलिनकडे आलं. पावसाळ्यात ओल्या हवेने सूत आवळे, म्हणून दोऱ्या सैल करायच्या. उन्हाळ्यात पुन्हा कसायच्या. डोक्याकडे आणि पायाकडे ताण हवा. कमरेखाली मात्र मूठभर ढील, आणि गुडघ्यांखाली पेंढ्याची वळकटी. आई पाठीवर झोपली की मार्सेलिन खालून हात घालून बघे. जाळं कमरेला नुसतं टेकलेलं असलं की आईचा चेहरा सैल पडे. दुखणं गेलं नव्हतं, पण झोप आली होती. एवढ्यासाठी आई साऱ्या गावाशी भांडली होती.

मार्सेलिनने गाठोडं आणून काकापुढे ठेवलं. मग ती बाज दारातून एकटीने ओढत अंगणात, भर उन्हात घेऊन आली. कुंपणाशी बाया गोळा झाल्या. ती गुडघ्यांवर बसली आणि डोक्याकडच्या दोऱ्या कसू लागली.

काका बाजेजवळ आला. म्हणाला, "तुजी आय दुखणेकरी होती. तुजी कंबर तर धड हाय."

"आज हाय," मार्सेलिन म्हणाली. "उद्यापासून तिची पाटी माज्या डोक्यावर हाय, काका. तुमच्याच होडीची मासळी."

तिने पायाकडची शेवटची गाठ मारली, चपला काढल्या आणि काळ्या लुगड्यानिशी सगळ्यांदेखत जाळ्यावर आडवी झाली. कुंपणापलीकडून कुणीतरी क्रूसाची खूण केली. काका उठला. वाकताना त्याने आपल्या पाठीला हात लावला, मग गाठोडं खांद्यावर टाकून किनाऱ्याच्या वाटेला लागला. बाज अंगणातच राहिली.

थोड्या वेळाने माडांमागून धूर वर आला. मार्सेलिन पडूनच राहिली. आईची कंबर रुंद होती. जाळ्यातला तिचा खळगा मार्सेलिनला मोठा पडत होता, अंग एका बाजूला कलत होतं.

कमरेखालची ती दोरी तेवढी तिने कसली नाही.