एका प्रश्नाला दोन बोटं

गेल्या वर्षी या दिवसांत माझे केस कमरेपर्यंत होते. आता ते कानाच्या पाळीशी आहेत. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिथली गिऱ्हाइकं काळजीने विचारतात, आजारी होतीस का, कुणी मन मोडलं का. मी खरं तेच सांगते, की आजोबांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यावर ती चष्म्याकडे वळतात.

झालं असं, की एका मैत्रिणीने मला एक छापील कागद आणून दिला. आजी-आजोबांना विचारायचे चाळीस प्रश्न. तिची आजी म्हणे तिसऱ्याच प्रश्नाला अशी सुटली की दोन वह्या भरल्या. माझी आजी राहिली नव्हती, पण शहाऐंशी वर्षांचे आजोबा घरात होते, आणि चांगले ठणठणीत होते. साठ वर्षं लोकांचे केस कापलेला माणूस. अर्ध्या गावाची डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली. यांच्याकडे गोष्टींना काय तोटा, असं म्हणत मी नवी वही आणि दोन पेनं घेऊन टेबलाशी त्यांच्यासमोर बसले.

"तुमची सगळ्यात जुनी आठवण कोणती?"

"आठवत नाही."

"लहानपणी काय व्हायचं होतं तुम्हाला?"

"मोठं."

"आजी पहिल्यांदा कुठे दिसली?"

"असंच. इथेच कुठेतरी."

चार मिनिटांत सात प्रश्न संपले आणि वहीचं अर्धं पानही भरलं नाही. मी चिडले. चिडले की मी माझ्या केसांची टोकं ओढत बसते, ही जुनी खोड. आजोबांचं लक्ष तिकडे गेलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"टोकं फाटलीत तुझी," ते म्हणाले. "ये, दोन बोटं घेतो."

सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं, तेव्हा सगळं सामान ज्याला हवं त्याला देऊन टाकलं होतं. फक्त एक खुर्ची, एक आरसा आणि कात्री-कंगव्याची पेटी घरी आणली. पुढच्या खोलीत खिडकीशी तो संसार मांडला होता. खुर्चीचं लाल रेक्झिन दोन ठिकाणी फाटलेलं. खालचा दांडा पायाने दाबला की ती वर जायची, खाली यायचं मात्र तिच्या मनावर होतं. मी बसले. आजोबांनी कापड झटकून माझ्या गळ्याशी बांधलं, कंगवा ओला केला, कात्री दोन-तीनदा हवेतच चालवली. मग आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी आजी मला पहिल्यांदा आरशात दिसली."

मी मान न वळवता आरशातच बघत राहिले.

"दुकानात माझी पाठ रस्त्याकडे. रोज सकाळी दहाच्या सुमारास आरशातून एक मुलगी जायची, हातात शिवणाची पिशवी. वळून बघायची सोय नाही, हातात वस्तरा. दोन महिने अशीच पाहिली. मग एक दिवस ती भावाला घेऊन दुकानातच आली. बघतो तर गालावरचा तीळ भलत्याच बाजूला! मला वाटलं, ही तिची बहीण असणार. तसं विचारलंही. ती म्हणाली, मला बहीण नाही. मी म्हटलं, मग तीळ का हलवलात?"

"मग?"

"मग काय. हसली ती. तिथेच माझा निकाल लागला." कात्री थांबली. "झालं. ऊठ."

उठल्यावर मी तोच धागा धरून पुढचं विचारलं, तर उत्तर आलं, "असेल. आता कुठलं आठवतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस साठ वर्षं हातात कात्री घेऊन आणि आरशातल्या चेहऱ्याशीच बोलत आला होता. माणूस समोर बसला आणि हात रिकामे राहिले, की त्यांच्या तोंडाला कुलूप. मग मीही हिशोबी झाले. दर रविवारी सकाळी एक प्रश्न, दोन बोटं केस. वही कापडाखाली मांडीवर ठेवायची आणि न बघता लिहायचं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं यायचं, पण यायचं. आजोबा वस्तरा चालवायला फुगलेल्या फुग्यावर शिकले, फुग्याला फेस लावायचा आणि तो फुटला की दिवसभर झाडू मारायचा, हे मला तेव्हा कळलं. बँडमधला एक ट्रम्पेटवाला गाल फुगवून दाढी करून घ्यायचा आणि त्याला बघून आजोबांना तो फुगा आठवायचा, हेही कळलं. मी दारात दिसले की आजोबा म्हणायचे, "आली प्रश्नपत्रिका." खूश असायचे. मीही असायचे.

"आणखी दहा रविवार, की चकोट होशील," आई म्हणायची. "एवढी हौस कसली ग तुला?"

बाबा मात्र काही म्हणायचे नाहीत. ते शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसलेले असायचे. अर्धा तास त्यांचं पान उलटायचं नाही.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. ते आजोबांचे एकुलते एक चिरंजीव, आणि विशीच्या सुरुवातीला तीन वर्षं आजोबांच्या दुकानात होते. तेविसाव्या वर्षी एका संध्याकाळी आजोबांनी त्यांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस. तुझा हात जड आहे." बस्स, एवढंच. बाबा फरशांच्या गोदामात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण ते वाक्य त्यांनी घरी आणून ठेवलं आणि आयुष्यभर सांभाळलं. काचेचं भांडं असलं तर, "तू घे, माझा हात जड आहे." भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला हाक. मी जन्मले तेव्हा त्यांनी मला तीन महिने उचललं नाही, नुसते पाळण्याजवळ उभे राहायचे. हे आई हसत सांगते. मला त्याचं हसू कधीच आलं नाही.

आणि त्यातही गंमत अशी, की तिशीतच बाबांना टक्कल पडलं. म्हणजे आजोबांच्या खुर्चीत बसायचं कारणच संपलं. गेली तीस-बत्तीस वर्षं बाप-लेक हवापाण्याच्या पलीकडे काही बोललेले नाहीत. भांडण नव्हतं. केस नव्हते.

चौदाव्या रविवारी कागद उलगडला, तर चाळीस छापील प्रश्नांच्या खाली पेन्सिलने एक वाढवलेला. अक्षर बाबांचं. 'एक्केचाळीस. मला दुकानातून का काढलं?'

त्यांनी मला तोंडाने काही सांगितलं नव्हतं. माझ्या उरलेल्या केसांतून आपलाही एक प्रश्न सुटेल, एवढीच त्यांची आशा असावी. मला भडभडून आलं. चौसष्ट वर्षांच्या माणसाने शाळकरी पोरासारखा चोरून प्रश्न लिहावा! आमच्या घरात लोक सरळ का बोलत नाहीत, याचा राग आला तो वेगळाच.

मी खुर्चीत बसले, कापड बांधून घेतलं, कात्री चालू झाली आणि मी सगळे प्रश्न टाकून थेट एक्केचाळिसावा विचारला. "आजोबा, बाबांना दुकानातून का काढलंत?"

कात्री थांबली. आरशात आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या दाराकडे. पलीकडे पेपर होता.

"हा प्रश्न तुझा नाही."

"नसेल. पण उत्तर द्या की."

"ज्याचा आहे त्याला बसव इथे."

"त्यांना कापायला केस कुठायत?"

"ते मी बघेन."

त्या दिवशी माझे केस एका बाजूला दोन बोटं आखूड राहिले. मी आठवडाभर तशीच दुकानात गेले.

बाबांना मी आठवडाभर छळलं. ते म्हणाले, "जाऊ दे, आता काय करायचंय कळून." ते म्हणाले, "कारण मला माहीत आहे, दुकानात एका घड्याळवाल्याचा कान कापला गेला माझ्याकडून." आणि शेवटी म्हणाले, "अण्णा पुन्हा तेच म्हणाले तर?" हे शेवटचं खरं होतं. एक्केचाळीस वर्षं तेच एक ऐकायची त्यांना भीती होती. मी म्हटलं, "म्हणाले तर म्हणाले. निदान पेपरचं पान तरी उलटेल तुमचं."

रविवारी बाबा खुर्चीत बसले. हात मांडीवर, दोन्ही मुठी मिटलेल्या. आजोबांनी दांडा दाबून खुर्ची वर घेतली, कापड झटकलं, बांधलं, बाबांच्या गुळगुळीत डोक्यावर ओला कंगवा नीट फिरवला, जणू तिथे जंगल आहे. मग कानाशी हवेतच कात्री चालवायला लागले. कच कच कच. मी उंबऱ्यात उभी होते, वही उघडून.

"विचार," आजोबा म्हणाले.

बाबांनी मुठी सोडल्या. "अण्णा, माझा हात खरंच जड होता का?"

कात्री चालत राहिली.

"तो घड्याळवाला आठवतो तुला?" आजोबा म्हणाले. "डोक्यावर दोन भोवरे. वीस वर्षं मी त्याचे केस कापले आणि वीस वर्षं ते उभेच राहिले. पाणी लावलं, तेल लावलं. दुकानाबाहेर पडायच्या आत उभे. एकदा मला ताप होता, म्हणून तू कापलेस. मी बाकावर पडून बघत होतो. तू भोवऱ्याच्या उलट गेलाच नाहीस. तो जसा फिरतो तसा त्याच्याबरोबर गेलास. केस बसले. सायंकाळी रस्त्यात दिसला, तरी बसलेले."

"पण मी त्याचा कान..."

"थांब. ते नंतर. तीन आठवड्यांनी तो परत आला. तू पाती आणायला गेला होतास. माझी खुर्ची रिकामी, मी उभा, हातात कापड. म्हटलं, बसा. तर म्हणाला, मुलगा येऊ दे, मी थांबतो. आणि बाकावर पेपर वाचत बसला. अर्धा तास. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, रे." आजोबांनी कात्री दुसऱ्या कानाशी नेली. "मग तू आलास, कापलेस, आणि त्या वेळी त्याच्या कानाला जरासं लागलं. तुरटी फिरवली, संपलं. तो हसत गेला. कानाला कुणाकडून लागत नाही? माझ्याकडून त्याच्याच कानाला दोनदा लागलंय. पण मला निमित्त आयतं मिळालं."

बाबा आरशात त्यांच्याकडे बघत होते. पापणीही हलत नव्हती.

"हात जड नव्हता तुझा," आजोबा म्हणाले. "मी जळलो. पंचेचाळिशीचा घोडा, पोटच्या पोरावर जळलो. पुढे वाटलं, बोलवावं परत. पण तू गोदामात रुळलास. मग तुझे केस गेले. मग बोलायचं कसं, ते मला सुचेना."

मी लिहायचं विसरले होते.

"आणि घड्याळवाला?" बाबांनी विचारलं. "आला पुढे?"

"येत राहिला की. भोवरे उभेच. प्रत्येक वेळी तुझं विचारायचा."

बाबांना हसू फुटलं. मग त्या हसण्याचं भलतंच काही झालं आणि त्यांनी कापडाच्या टोकाने डोळे पुसले. आजोबांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं करून मानेवरून ब्रश फिरवला. झाडायला तिथे एक केस नव्हता.

"झालं. ऊठ," ते म्हणाले. पण या वेळी त्यांनी कापड घडी करून ठेवलं नाही. ते बाबांच्या हातात दिलं आणि स्वतः जाऊन खुर्चीत बसले.

मला ते समजायला वेळ लागला. आजोबा आपलं डोकं कधी कुणाच्या हाती देत नसत. दोन आरसे लावून स्वतःचे स्वतः कापायचे, त्यामुळे मागच्या बाजूला कायम जिन्याच्या पायऱ्या. आम्ही त्यावर हसायचो, म्हणून हल्ली टोपी घालायचे. ती टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"अण्णा, माझ्याच्याने नाही व्हायचं. एक्केचाळीस वर्षं झाली."

"मला कुठे घाई आहे."

बाबांनी कापड बांधलं. फार घट्ट झालं, सैल केलं, परत बांधलं. कंगवा ओला केला. कात्री उचलली आणि हवेत चालवून बघितली, एकदा, दोनदा. मग मानेवरच्या सगळ्यात खालच्या पायरीला हात घातला. पांढरा पुंजका फरशीवर पडला. आणखी एक. मग बाबा, जे मला आयुष्यात सलग चार वाक्यं बोललेले आठवत नाहीत, आरशाकडे बघून म्हणाले, "गोदामात पहिल्या दिवशी मी शंभर फरशा उचलल्या, अण्णा. एकही फुटली नाही. मुकादम म्हणाला, तुझा हात फुलासारखा आहे. मला वाटलं, थट्टा करतोय. त्याच्याशी महिनाभर बोललो नाही मी."

आजोबा डोळे मिटून ऐकत होते. मी वहीत नवं पान घेतलं, वर 'बाबा' असं लिहिलं आणि खाली एकचा आकडा घातला. मुकादमावरून गोष्ट गोदामातल्या मांजरीवर गेली, तिथून आई पहिल्यांदा कशी भेटली त्याच्यावर आली, आणि कात्री कानापाशी पोचली. तिथे बाबांचा हात अडला. बोलणंही अडलं.

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त मान जराशी कलती केली आणि कान पुढे केला.

"कानामागे अजून थोडं घे," ते म्हणाले. "आणि पुढे सांग."