निशाणी सात

मला आता जुन्या कागदांचा वीट आला आहे. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. चौतीस वर्षं कोर्टाच्या दप्तरखान्यात धूळ खाल्ली आणि निवृत्त झाल्यावर गप घरी बसायचं सोडून समितीच्या खोलीत जाऊन बसलो, त्याला कोण काय करणार?

समिती म्हणजे आमची न्यायालय-स्मृती समिती. एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, चार म्हातारे वकील सभासद, आणि काम करायला एकटा मी. बंगालच्या कोर्टांचा वारसा जपायचा, असा मोठा हेतू. प्रत्यक्षात दोन काचेची कपाटं, कुणा इंग्रज न्यायाधीशाचा केसांचा टोप, एक फुटकी दौत आणि भिंतीवर चौकटीत लावलेले दाव्यांतले कागद.

कागद लावायची पद्धत मीच पाडली होती. बस्ता, म्हणजे एका दाव्याच्या कागदांचं गाठोडं, सोडायचा, बरा दिसेल तो कागद काढायचा, वाळवीने खाल्लेल्या कडा कात्रीने सरळ करायच्या आणि खळ लावून जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा. पाठीमागे कोर्टाचा शिक्का, कारकुनाची सही, कडेला निशाणीचा, म्हणजे पुराव्याच्या कागदाचा, आकडा असलं काहीबाही असे. ते कोण बघतंय? कागद बाहेर काढल्याची दप्तरखान्याच्या वहीत नोंद करायला हवी होती. पण तिथला कारकून माझ्याच हाताखाली तयार झालेला. तो म्हणे, तुमच्यासाठी कसली नोंद, श्रीकांतबाबू? आणि मलाही ते ऐकून बरं वाटे. मूर्ख माणूस मी.

पन्नास साली असाच एक बस्ता सोडला आणि आत मोडीतलं वाटणीपत्र निघालं. एकवीस सालच्या, शेजाऱ्याशी भिंतीवरून झालेल्या दाव्यात दाखल केलेली निशाणी सात. अख्ख्या दप्तरखान्यात आपल्या भाषेतला तो एवढा एकच कागद, आणि तोही माझा मित्र सदाशिव याच्या वडिलांचा. मला तर भरूनच आलं. कडा कापल्या, खळ लावली, खाली सुरेख अक्षरात चिठ्ठी लिहिली. सदाशिव गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून अर्धी रजा टाकून बघायला आला. बरोबर शकुनवहिनी. वहिनींनी काचेवरच्या सासऱ्यांच्या सहीला हात जोडले. त्या दिवशी मी नुसता फुगलो होतो.

बावन्न साली सदाशिव गेला. वर्षश्राद्ध होतं न होतं तोच त्याच्या थोरल्या भावाने, हावड्याच्या मनोहरने, वहिनींवर दावा लावला. वहिनी राहत होत्या ते बेहालाचं घर वडिलांनी मनोहरच्या नावावर घेतलं होतं, तेव्हा घर माझं, बाईने ते सोडावं, एवढंच त्याचं म्हणणं. वाटणीत ते घर सदाशिवला आणि हावड्याचं मनोहरला दिलं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मनोहरलाही ठाऊक होतं. पण घरातली प्रत बेचाळीस सालीच गेली. बॉम्बच्या भीतीने सगळे नागपूरला पळाले होते, तेवढ्यात वाळवीने पेटी फस्त केली. वहिनी मात्र निर्धास्त होत्या. कोर्टात श्रीकांतभावजींनी जपून ठेवलंय की, असं त्या सगळ्यांना सांगत.

वहिनींच्या वकिलाने जुना बस्ता मागवला. यादीत निशाणी सात होती, बस्त्यात नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोर्टाला कागद नुसता असून चालत नाही, तो असायला हवा तिथे असावा लागतो. चौतीस वर्षं हेच तर मी नव्या कारकुनांना शिकवत होतो.

घरी बायकोला, कमलला, सांगितलं. ती म्हणाली, दप्तरखान्यात तुम्हाला कोण अडवतंय, गुपचूप नेऊन ठेवा ना बस्त्यात. खोटं कशाला बोलू, तेच करायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. काच उतरवली, पुठ्ठा ओल्या फडक्याने भिजवला आणि कागद सोडवायला लागलो. पुढची बाजू सुटून आली. पाठीची पापडी शिक्क्यासकट पुठ्ठ्यालाच राहिली आणि शाई पसरून त्याचा निळा डाग झाला. खळ मी चांगली घट्ट शिजवतो.

मग साक्षीला उभा राहिलो आणि सगळं खरं सांगितलं. मनोहरच्या वकिलाने फार काही विचारलं नाही. दोन वर्षांहून जास्त हा कागद कुणाकडे होता? माझ्याकडे. काढल्याची नोंद? नाही. या कोर्टाला मोडी वाचून दाखवणारा दुसरा कुणी? नाही. मयत सदाशिव आपला कोण? मित्र. शेवटी त्याने विचारलं, "आणि निशाणीचा आकडा ज्या कडेवर असतो, ती कड आपणच कापलीत? का?"

"वाईट दिसत होती म्हणून," मी म्हणालो.

कोर्टात कुणी हसलं नाही. हाच कागद मूळची निशाणी सात आहे असं मानता येत नाही, असा निकाल झाला. घर मनोहरला गेलं.

काल दुपारी वहिनी समितीच्या खोलीत आल्या. आज संध्याकाळच्या गाडीने त्या नागपूरला भावाकडे निघणार होत्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. माफी मागायचं तीन आठवडे घोकत होतो. ऐन वेळी टेबलावरची धूळ पुसत राहिलो. त्यांनी पिशवीतून एक पितळी किल्ली काढून टेबलावर ठेवली. एक दिरांना दिली, ही माझ्याकडची दुसरी, असं म्हणाल्या.

"हीसुद्धा ठेवा तुमच्या कपाटात, भावजी. तुम्ही वस्तू छान जपता."

टोमणा नव्हता हो त्यात. असता तर मला सोसला असता. त्या जिना उतरून ट्रामच्या थांब्याकडे गेल्या आणि मी खिडकीत नुसता उभा राहिलो.

आज सकाळी अध्यक्ष आले. निशाणी सात पुन्हा काचेत लावा म्हणाले, आता तर तिच्यामागे दोन दाव्यांचा इतिहास आहे. मग त्यांचं लक्ष किल्लीकडे गेलं. ही कुठली, असं त्यांनी विचारलं. मी बेहालाच्या घराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, वा, मग एक चिठ्ठी लिहा आणि ही पण लावून टाका.

मी चिठ्ठी लिहायला बसलो आहे. वहिनींची गाडी एव्हाना हावड्याहून सुटली असेल आणि माझा पहिला शब्द अजून लिहून झालेला नाही.