गाढवलोळीचं वऱ्हाड

आमच्या गावाचं नाव गाढवलोळी. हसा, हसून घ्या. नाल्याकाठी पिठासारखी पांढरी माती आहे. कुंभारांची गाढवं ओझं उतरलं की तिथं जाऊन चारी पाय वर करून लोळतात. माणसं नंतर राहायला आली. मग नाव काय, स्वर्गपुरी ठेवायचं?

सरपंच लीलाधर आबाला मात्र लाज वाटायची. माझ्या मंजुळेचं पहिलं स्थळ गावाच्या नावालाच हसून परत गेलं, तेव्हा तर तो पेटलाच. पुढे शिंदखेड्याचं स्थळ जमलं, पत्रिकाही वाटून झाल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी या बहाद्दरानं रस्त्याला पाटी ठोकली: सुवर्णनगर. वर झिपरू कुंभाराला दम देऊन त्याची गाढवं गावच्या कोंडवाड्यात घातली. व्याह्यांसमोर शोभा नको, म्हणे. मला म्हणाला, द्रौपदाअक्का, तुझ्याच पोरीसाठी करतोय.

मुहूर्त गोरज. ऊन उतरलं तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. मांडवातून यावलचा रस्ता दिसतो. माणसांनी खच्चून भरलेला एक ट्रक समोरून सुसाट गेला. थोड्या वेळानं तोच उलटा आला आणि पुन्हा निघून गेला. आबा म्हणाला, दुसऱ्या कुणाचं वऱ्हाड असेल. दुसऱ्या कुणाचं, तुझं डोंबल! आत मंजुळा हळदीच्या अंगानं बसली होती. हेही स्थळ गेलं का, एवढंच तिनं विचारलं. नवी पाटी वाचून वऱ्हाड पुढे जातंय, हे मला उमगलं.

मी पदर खोचला आणि कोंडवाड्याची कडी काढली. कालपासून कोंडलेली गाढवं ती. थेट नाल्यावर गेली आणि अशी लोळली की धुरळ्यानं रस्ता दिसेना. तेवढ्यात ट्रक परत आला आणि करकचून थांबला.

आबा हार घेऊन धावला, सुवर्णनगरात आपलं स्वागत असो, म्हणाला. आमचे व्याही तोताराम नाना आधीच तापलेले.

"तुनं सुवर्णनगर गयं खड्डामा. आमले गाढवलोळीले जानं शे. ड्रायव्हरले सांगेल व्हतं, गधडा लोळतस तठे उतर."

मला रडूच फुटलं. "हीच ती गाढवलोळी, नाना. उतरा."

आबा हार हातात धरून तसाच उभा. नानांनी तो स्वतःच काढून घेतला आणि गळ्यात घातला.

लग्न मुहूर्तावर लागलं. मंगलाष्टकं संपली तेव्हा मुठीत थोड्या अक्षता उरल्या होत्या. त्या मी नाल्याकडे तोंड करून टाकल्या.