मुखरूच्या गाठी

मित्रांनो, मी एक जुनं मासोळीचं जाळं आहे. माझ्या मधोमध आता दोन हात जातील एवढं भोक आहे. ते कुठल्या माशाने पाडलेलं नाही. ते कसं पडलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

गोंडपिपरीकडच्या एका गावात मुखरू नावाच्या माणसाने मला विणलं. दोन पावसाळे तो ओसरीत बसून गाठी मारत होता. कडेला त्याने शिशाच्या गोळ्या ओवल्या. त्यांच्या वजनाने माझी कड बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, तळाला टेकायची आणि आत सापडलेली मासोळी बाहेर जात नसे. मुखरूची गाठ सुटत नाही, असं लोक म्हणत. पुढे मुखरू तापाने वारला. त्याच्या बायकोने, भागीरथाबाईने, मला आढ्याला टांगलं. चार वर्षं माझ्यावर चुलीचा धूर बसत राहिला.

भागीरथाबाईची नात उर्वशी नऊ वर्षांची आहे. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले की ती आजीजवळ राहते. यंदा दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, पोरीला रोज एक अंडं द्या. भागीरथाबाईने जन्मात कोंबडी पाळली नव्हती. तिने बाजारातून सहा कोंबड्या आणल्या, परसात बांबू रोवले, वर कवेलूंचं छप्पर घातलं आणि चारही बाजूंनी मला गुंडाळलं. माझ्या गोळ्या मातीवर टेकल्या. पाण्यात कड बसते तशी इथेही बसेल, असं तिला वाटलं.

शेजारचा जंगूभाऊ कोंबड्या पाळण्यातच म्हातारा झालेला. तो येऊन पाहत उभा राहिला.

"काय बाई, आता कोंबड्या बोडीत सोडता काय?"

"हसू नका भाऊ. आमच्या मालकाच्या हातच्या गाठी हायेत. एक नाई सुटत."

"गाठीले कोण नाव ठेवते? पण मुंगूस खालून येते. लोखंडी जाळी आणा, हातभर मातीत गाडा. बुडाले दगड बसवा."

"मोहफुलं सरली का आणतो."

काही दिवस बरे गेले. उर्वशी ऊन ऊन अंडं आधी गालाला लावायची, मग आजीला द्यायची.

एका सकाळी भागीरथाबाई आणि जंगूभाऊ मोहफुलं वेचायला रानात गेले. उर्वशी झोपली होती. ऊन परसात आलं तेव्हा मुंगूस आलं. त्याने नखांनी माती उकरली आणि नाकाने माझी कड उचलली. पाण्यात भारी वाटणाऱ्या त्या गोळ्या त्याला काहीच वाटल्या नाहीत.

कोंबड्या पळाल्या, त्या माझ्याच अंगावर. त्यांच्या माना आणि पाय माझ्या घरांत अडकले. त्या जितक्या ओढत, तितकं माझं सूत आवळत गेलं. मला धरायचंच शिकवलं होतं. मी धरलं.

कलकलाटाने जागी झालेली उर्वशी केरसुणी घेऊन धावली. मुंगूस पळालं, तोवर पाच कोंबड्या मेल्या होत्या. सहावी मानेने लटकत होती, पण तिचा श्वास चालू होता. उर्वशीने तिला खालून उचलून धरलं आणि ती तशीच उभी राहिली. मोहफुलांची टोपली घेऊन भागीरथाबाई आली तेव्हाही पोरीने हात खाली केलेले नव्हते.

"आजी, काप ना वो."

भागीरथाबाई खाली बसली आणि बोटांनी गाठ सोडवू लागली. गाठ सुटेना. तिने दात लावले.

मागून आलेल्या जंगूभाऊने विळा पुढे केला. "कापा बाई."

"थांबा. सुटते."

"मुखरूची गाठ हाये ते. तुमीच तं सांगतलं."

तिने विळा घेतला आणि मला कापलं. कोंबडी उर्वशीच्या हातात आली. पण कोंबडीची मान लोंबली होती, श्वास थांबला होता.

"काऊन नाई कापलं आधी?" उर्वशीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी जंगूभाऊने हातभर चर खणला. लोखंडी जाळी आली, बुडाला दगड बसले, दाराला कडी लागली. उन्हाळ्यात उर्वशी आठ दिवस दवाखान्यात होती. आता त्या खुराड्यात दोन कोवळ्या तलंगा आहेत. अजून त्या अंड्यावर आलेल्या नाहीत.

मी पुन्हा आढ्याला आहे. भागीरथाबाईचा भाचा गोपाल भोक विणून द्यायला आला होता. ती म्हणाली, "राहू दे. मले दिसू दे."

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपून ठेवा, तिच्यावर धूळ बसू देऊ नका. पण तिच्यात एखादा जीव अडकला, तर गाठ सोडवत बसू नका.