काळपट कड

जे दिसायला उणे, पण भार वाहायला समर्थ आहे, ते राखावे की छाटून त्याच्या जागी निर्दोष नवे स्थापावे, हा प्रश्न दंतवैद्यालाही धर्मसंकटात टाकतो. त्या दुपारी तो एका पुतणीपुढे उभा राहिला. आणि समोर होते तिला ही विद्या देणारे सख्खे काका.

खुर्चीत क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एक बाई होत्या. पुढचा दात तुटलेला, रूट कॅनल झालेले. वाद्याचे तोंड नेमके त्याच दातावर टेकायचे. दात गेला की वादन गेले. मुळाच्या पोकळीत सिरॅमिकची पोस्ट, म्हणजे पांढरी बारीक काडी, रोवून तिच्यावर कॅप बसवायची होती. हिरडीच्या वर मूळच्या दाताची, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी कड सभोवार उरली होती, पण काळवंडलेली.

"छाट ती," काका म्हणाले. "कॅपमधून काळं डोकावेल. बाई स्टेजवर बसतात, अंधारात नव्हे."

"नाही छाटणार."

"अगं, पोस्ट सिरॅमिकची आहे! हत्ती बांधलास तरी वाकायची नाही."

"तीच तर भीती आहे, काका. ती वाकत नाही, सगळा जोर मुळावर काढते. कॅपला धरायला ही कड असली तर मूळ तगेल. नाहीतर उभं चिरेल, आणि मग दातच उपटायचा."

"मला शिकवतेस? तुझे दुधाचे दात मी पाडलेत!"

"पाडलेत ना? मग हा एक वाचवू द्या."

काकांनी तिच्या हातातले ड्रिल काढून घेतले. पुतणीने झटापट केली नाही. ड्रिल पायाच्या पेडलवर चालत असे. तिने ते पेडल टाचेने ओढून आपल्या स्टुलाखाली घेतले आणि पुढ्यात दोन्ही पाय घट्ट रोवले. काकांच्या हाती मुके यंत्र उरले.

"पाय काढ."

"काढणार नाही. हवं तर उद्यापासून येऊ नकोस म्हणा."

तेवढ्यात तोंडात कापसाचे बोळे असलेल्या बाईंनीच काकांचे मनगट धरले. "काळं अहू दे," त्या बोबड्या पण ठाम स्वरात म्हणाल्या. "मला आजवायचंय!"

काका गोरेमोरे झाले. ड्रिल ठेवून, "घाला काय तो गोंधळ," म्हणत खिडकीशी गेले.

पुतणीने कड राखून पोस्ट रोवली. पुढच्या खेपेला कॅप त्या कडेला मिठी मारून बसली. हिरडीलगत एक करडी रेषा मात्र राहिलीच.

"गबाळं काम," काका पुटपुटले.

दोन वर्षे उलटली. बाई तपासणीला आल्या, त्या वाद्य घेऊनच. काकांनी तो दात बोटाने दाबून पाहिला, हलवून पाहिला; तो जागचा ढळला नाही.

"वाजवा बघू."

बाईंनी एक दीर्घ, खर्जातला स्वर लावला. बाहेर ताटकळलेली माणसे कुरकुरायची थांबली. काका चष्मा काढून स्वर विरेपर्यंत उभे राहिले.

नंतरच्या रुग्णाचाही दात असाच तुटलेला होता. काकांनी ड्रिल उचलले, कड न्याहाळली, आणि पेडल पायानेच पुतणीच्या स्टुलाकडे सरकवले.

"तूच कर. आणि ती कड..."

"ठेवते, काका."

त्या काळपट कडेला दीर्घायुष्य लाभो. तिच्यासाठी अडून बसलेल्या पायांना, आणि अखेर पेडल पुढे सरकवणाऱ्या त्या वृद्ध पायालाही बळ लाभो.