मी बायकांत मोडत नाही

माझ्या धाकट्या नणंदेला गाडी चालवायला मी शिकवलं, हे आधीच सांगून ठेवते. घरात आता कुणाला ते आठवत नाही. कामगारांना कारखान्यात नेण्या-आणण्याचं काम घेणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी व्हॅन चालवतो. मी कित्येक वर्षं, ती अगदी परवा-परवा लागलेली. तरी जेवायला बसलं की सासूबाईंचं लेकीचं कौतुक सुरू. तिच्या गाडीत म्हणे माणसं गाढ झोपतात, इतका हात हलका. नवराही मान डोलावतो. माझ्या गाडीत कुणी झोपत नाही का? चांगले घोरतात. पण मी पडले जाडजूड, घोगऱ्या आवाजाची, माझं कसलं नवल! ती नाजूक, तिने नुसता स्टिअरिंगला हात लावला तरी लोक बघत राहतात.

जळते का मी? जळते. हल्ली आरशात मला माझं तोंड दिसतच नाही, तिच्यापेक्षा काय काय कमी आहे तेवढं दिसतं.

एकच आधार होता. शेडमधले ड्रायव्हर मला म्हणायचे, "तू बायकांत मोडत नाहीस. तू गडी आहेस." ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग कंपनीने लांबच्या मार्गासाठी मोठी बस घेतली. ती मलाच मिळणार हे मी मनात पक्कं धरलं होतं. एकदा ती घेऊन घरासमोरून जायचं आणि सासूबाईंनी खिडकीतून बघायचं, बस्स, बाकी काही नको होतं.

काल सकाळी मालकांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, नणंद मोठी बस सांभाळेल का. म्हणजे तिचंही नाव होतं तर. तिची चूक काढायला गेले तर एक सापडेना, गाडीवर साधा ओरखडा नाही बयेच्या. मग तोंडाला येईल ते बोलले.

"चालवते चांगली. पण बायकांचं तुम्हाला माहीतच आहे. ऐन वेळी गडबडतात."

मालक एकदम मोकळे झाले. "मलाही तेच वाटत होतं, पण बोलायची चोरी. आता तुम्हीच म्हणताय, मग प्रश्नच मिटला. बस दाढीवाल्याला देतो."

दाढीवाला म्हणजे आमच्यातला सगळ्यात नवा ड्रायव्हर. मी बायकांत मोडत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

संध्याकाळी नणंदेला बातमी कळली. तिने नाक मुरडलं, पुढची बस आपल्या दोघींतच येणार बघ वहिनी, म्हणाली, आणि बोलता बोलता तिची व्हॅन रिव्हर्स घेऊन शेडच्या खांबांच्या मधे अलगद लावून मोकळी झाली.

मग माझी पाळी. जागा रोजचीच. गिअर टाकला, आरशात बघितलं. खांब किती जवळ आलाय तेच कळेना. मागे घेतली, पुढे घेतली, परत मागे. दाढीवाला धावत येऊन मागे उभा राहिला आणि हात हलवत म्हणाला, "येऊ द्या ताई, घाबरू नका, येऊ द्या."

नणंद बाजूला उभी राहून काळजीने बघत होती. मेलीचं नशीबच चांगलं. मालकांसमोरचं माझं ते वाक्य तिने ऐकलंच नव्हतं.