खिंडीच्या अलीकडे

गारा हेल्मेटवर ताडताड वाजू लागल्या तसा तो सायकलवरून उतरला आणि डोंगराच्या कडेकडेने चालू लागला. वळणापलीकडे रस्त्यावर लाल-पांढरं फाटक आडवं टाकलेलं होतं आणि शेजारी दोन खोल्यांची चौकी होती. दारात रेनकोट घातलेली पन्नाशीची एक बाई उभी होती.

"खिंड बंद केलीय," ती तिथूनच म्हणाली. "सायकल आत घ्या आधी. बाकीचं मग बोलू."

सायकलीवर चार पिशव्या लादलेल्या होत्या. दारातून ती आत घेताना दोघांचीही दमछाक झाली. आत शेगडी होती, दोन बाकं होती आणि शेगडीजवळ एक म्हातारा पायांवर कांबळं घेऊन बसला होता.

"माझे वडील," फाटकवाली म्हणाली. "या रस्त्यावर मुकादम होते. आता फाटक माझ्याकडे."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि परत शेगडीकडे बघू लागला.

पाहुण्याच्या प्रवासाचा हा सोळावा दिवस होता. ही खिंड त्याने यापूर्वी दोनदा गाठायचा प्रयत्न केला होता. एकदा बर्फाने परत पाठवलं, एकदा वाऱ्याने. त्याने साठी ओलांडली होती, आणि गुडघ्यांचं एकंदर मत बघता पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नव्हतं. म्हणून कपडे बदलताच त्याने पहिला प्रश्न हवामानाचाच विचारला.

"उद्या सकाळी अकरापर्यंत उघडीप आहे," फाटकवाली म्हणाली. "कचेरीतून फोन आला होता. त्यानंतर चार दिवस नुसता धिंगाणा. जायचं तर उजाडताच निघा."

संध्याकाळी तिने सूप आणि पाव वाढला. पावाची कड जाड होती, कडक आणि खमंग. म्हाताऱ्याने आपल्या पावाचा मऊ भाग तेवढा सुपात बुडवून खाल्ला आणि कडा ताटाच्या एका बाजूला नीट रचून ठेवल्या. वरच्या फळीवर एका वाटीत पाणी होतं आणि पाण्यात कवळी. पाहुण्याची नजर तिकडे गेलीच. पस्तीस वर्षं तो कवळ्याच बनवत होता.

"टोचते म्हणाले एकदा," जेवणानंतर भांडी विसळताना फाटकवाली हळू आवाजात म्हणाली. "दवाखाना खाली, जायला-यायला अख्खा दिवस. शिवाय ते येतही नाहीत. आई गेली त्याच वर्षी कवळी केली होती. तेव्हापासून बोलणंही तेवढंच. हो आणि नको. तीन वर्षं झाली."

"आधी बोलायचे?"

"आधी गप्प बसवावं लागायचं."

सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वर दरड वगैरे काही नसल्याचा निरोप सातला आला. फाटकवालीने फाटक उचललं. त्याने पिशव्या आवळल्या, चाकांतली हवा दाबून बघितली आणि निरोप घ्यायला आत गेला. म्हातारा उभा होता. पाहुण्याला निरोप द्यायचा म्हणून त्याने वाटीतली कवळी काढून तोंडात बसवली. चेहरा एकदम आक्रसला. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्याने पाठ फिरवून कवळी काढली आणि नुसता हात वर केला.

पाहुणा दारातच थांबला. मग हेल्मेट बाकावर ठेवून म्हणाला,

"बाबा, जरा बघू का?"

"डॉक्टर आहात?" फाटकवालीने विचारलं.

"नाही. कवळ्या बनवतो. माझं काम तोंडाच्या बाहेरचं. पंधरा मिनिटं लागतील."

त्याने कवळी खिडकीपाशी नेऊन बोट फिरवलं. खालच्या कवळीच्या आतल्या कडेला एक खरखरीत उंचवटा लागला. बनवणाऱ्याने घाई केली होती. शेगडीची काजळी आणि तेलाचा थेंब कालवून त्याने हिरडीवरच्या जखमेला अलगद ठिपका लावला आणि कवळी बसवून काढली. कडेवर काळा डाग उमटला. पंक्चरच्या डबीतला पॉलिशपेपर काढून तो तेवढीच जागा घासू लागला, तीही अगदी थोडी. जास्त गेलं तर परत आणता येत नाही.

"आता?"

"टोचतंय," म्हातारा म्हणाला.

पुन्हा ठिपका, पुन्हा घासणं. पंधरा मिनिटांचा तास झाला, मग दीड. फाटकवाली दोनदा आत येऊन गेली.

"अहो, नऊ वाजून गेले."

"हो."

"वर पोचायलाच तुम्हाला दोन तास लागतील."

"हो, हो," तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही. तिसऱ्या वेळी ती आली ती चहा घेऊन. कप त्याच्या कोपराजवळ ठेवून ती बाहेर गेली.

दहाच्या सुमाराला त्याने रुमालाच्या टोकावर टूथपेस्ट घेऊन ती कड चकचकीत केली, पाण्याने धुतली आणि कवळी म्हाताऱ्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती बसवली. जबडा इकडून तिकडे फिरवला. जीभ आतून फिरवून बघितली, पुन्हा एकदा बघितली. मग फडक्यात गुंडाळलेला कालचा पाव काढून त्याने कडेचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

कुर्रम असा आवाज झाला.

पाहुणा बघत राहिला. दवाखान्यांकडून साचे यायचे, कवळ्या जायच्या. त्या कोणाच्या तोंडात गेल्या, त्या लावून कोणी काय चावलं, हे त्याला कधी कळायचं नाही. तो नुसता बाकावर बसून एका माणसाला पाव खाताना बघत होता आणि त्याला उठावंसं वाटत नव्हतं.

"सायकल तुम्ही चुकीच्या बाजूला टेकवलीय," म्हातारा तोंडातला घास संपवून म्हणाला. "पाऊस तिकडूनच येतो."

खरंच आला. साडेदहालाच खिंडीवर ढग बसला, अकराला चौकीही त्यात गेली. फाटकवालीने फाटक खाली घेतलं आणि फावडं घेऊन रस्त्याकडेचा चर मोकळा करायला गेली. त्याने सायकल पुन्हा आत आणून पिशव्या सोडल्या. आपल्याला वाईट कसं वाटत नाही, याचं त्याला जरा नवल वाटलं. मग त्याने चहा गरम केला आणि दोन कप भरले.

म्हातारा बोलतच होता. रस्ता कसा फोडला, सुरुंगाच्या वेळी कोण कुठे लपायचं, कोणता पूल दोनदा वाहून गेला.

"तेव्हा फाटक नव्हतं," तो म्हणाला. "एकाच वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. वरच्या टोकाला एक माणूस झेंडा घेऊन, खालच्या टोकाला मी. एक दिवस बघतो तर वर माणूस नाही, मुलगी. नवी लागली होती. हिची आई, पण तेव्हा मला काय माहीत. दोघांत अर्धा मैल अंतर. दोन महिने आम्ही नुसते झेंड्याने बोललो. चेहरा काही दिसला नाही."

दाराशी सावली हलली. फाटकवाली परत आली होती. फावडं हातात तसंच, रेनकोटावरून पाणी निथळत होतं. म्हाताऱ्याची पाठ दाराकडे होती.

"मग एका दुपारी तिने हिरवा दाखवला," तो सांगत होता. "मी इकडे लाल धरून उभा. वरून गाडी यायला हवी, तर एकही येईना. मी आपला वाट बघतोय."

पाहुण्याने दाराकडे बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली. फाटकवालीने मान हलवून नको म्हटलं. पावसातच थांबून तिने टोपी मागे सारली, कान मोकळे केले.

त्याने म्हाताऱ्याच्या कपात उरलेला चहा ओतला.

"मग?" त्याने विचारलं.